पाहुणीचा हक्क

मॉरिशसहून परत आल्यावर माझ्या नातवाने एक गुणपत्रिका तयार केली. वहीच्या शेवटच्या पानावर पट्टीने रेघा मारून त्याने दोन रकाने आखले. एकावर लिहिले ‘दिवेआगर’, दुसऱ्यावर ‘मॉरिशस’. डाव्या बाजूला विषय : समुद्र, वाळू, जेवण, खोली, माणसे. प्रत्येक विषयाला दहा गुण. घरातल्या प्रत्येकाने पेन्सिलने गुण भरायचे, बेरीज तो करणार आणि निकाल जेवणाच्या टेबलावर जाहीर होणार. मुलाने दोन मिनिटांत मॉरिशसला पहिल्या वर्गात पास करून टाकले. सुनेने जेवणात दिवेआगरला दहापैकी दहा दिले, कारण विचारताच म्हणाली, “तिथं मला करावं लागत नाही म्हणून.” हॉटेलातही तिला काही करावे लागले नव्हते हे तिच्या लक्षात आणून दिल्यावर तिने एक गुण कमी केला. राहिले माझे. चौतीस वर्षे शाळेत पेपर तपासण्यात घालवलेली बाई मी. पण तो कागद माझ्या टेबलावर आठवडाभर पडून राहिला. “आजी, अजून पेपर तपासला नाहीस?” असे नातू रोज विचारी आणि मी चष्मा सापडत नसल्याचे सांगे. चष्मा कपाळावरच असे.

पहिले दोन विषय तसे सोपे होते. दिवेआगर विषुववृत्ताच्या उत्तरेला अठरा अंशांवर आहे आणि मॉरिशस दक्षिणेला वीस अंशांवर. म्हणजे पृथ्वीची घडी मध्ये घातली तर ही दोन गावे जवळजवळ एकाच ओळीत येतील. दोन्हीकडे माड, दोन्हीकडे किनाऱ्याला सुरूची झाडे, दोन्हीकडे जमिनीखाली तोच ज्वालामुखीतून आलेला काळा दगड. पण समुद्र मात्र सख्ख्या भावंडांचे स्वभाव वेगळे असावेत तसे. मॉरिशसला जवळजवळ सगळ्या बेटाभोवती पोवळ्यांचा बांध आहे. लाटा येतात त्या दूर, त्या बांधावर फुटतात. तिथे एक पांढरी रेघ दिसते आणि आवाज उशिराने कानांवर येतो. बांधाच्या आतले पाणी तळ्यासारखे शांत, हिरवे-निळे, तळाची वाळू दाखवणारे. भरती-ओहोटीत फरक जेमतेम हातभराचा. दिवेआगरचा समुद्र असा पाळलेला नाही. तो गढूळ असतो, अंगावर येतो, आणि ओहोटीला इतका मागे हटतो की ओल्या वाळूत चालत चालत आपण त्याला शोधायला जावे. पांढऱ्या वाळूला आणि निवळ पाण्याला जास्त गुण द्यायला माझी काही हरकत नव्हती. करड्या वाळूवर माझी माया असली तरी परीक्षकाने मायेला गुण देऊ नयेत. माझी पेन्सिल अडली ती ‘खोली’ या विषयापाशी. ती का अडली हे सांगायचे तर मला थोडे मागे जावे लागेल आणि एक गोष्ट कबूल करावी लागेल.

आम्ही दिवेआगरला पहिल्यांदा गेलो ते १९८६ च्या मे महिन्यात. शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या नात्यातले घर तिथे होते. एस.टी.ने म्हसळ्यापर्यंत, तिथून दुसऱ्या गाडीने, आणि शेवटी ट्रंक हातात घेऊन पायी. गावाचा एकच लांबलचक रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना घरे. घरामागे विहीर, विहिरीमागे पोफळींचे आणि माडांचे आगर, आगरामागे केवड्याचे बन आणि मग एकदम समुद्र. पण घरातून समुद्र दिसत नसे. रात्री पडवीत अंथरुणावर पडले की तो फक्त ऐकू येई. ज्या वहिनींच्या घरी आम्ही उतरत असू त्या तेव्हा नुकत्या लग्न होऊन आल्या होत्या. माजघरातली एक बाजू आम्हांला मिळे. अंघोळीचे पाणी विहिरीचे, संडास आगराच्या कडेला, दिवे रात्री बहुधा गेलेलेच. जेवायला वालाचे बिरडे, केळफुलाची भाजी, आमसुलाचे सार आणि दुपारच्या वेळी परसातल्या फणसाचे गरे. पैसे देताना वहिनींना संकोच वाटे आणि घेताना त्यांच्या सासूबाईंना वाटत नसे.

तिथे आम्ही जवळजवळ दर वर्षी गेलो. मुलगा तिथे पोहायला शिकला. आमच्या ह्यांना पहाटे आगरात शिंपणे चालू असताना विहिरीच्या कठड्यावर बसून चहा प्यायची सवय लागली. २०१७ साली ते गेले. त्यांच्यामागे मी एकदा मुलाबरोबर गेले तेव्हा वहिनींनी न विचारता चहाचा पेला विहिरीच्या कठड्यावर आणून दिला. मी बसले, त्या उभ्या राहिल्या, दोघी काही बोललो नाही. माणसाला एखादे ठिकाण ‘आपले’ वाटू लागते ते अशाने. आणि एकदा ते आपले वाटले की त्याच्याबद्दलचा आपला लोभ किती विचित्र होतो, हे मला सांगायचे आहे.

१९९७ साली दिवेआगरच्या एका आगरात खणताना सोन्याचा गणपती सापडला. गाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाले. मोटारी येऊ लागल्या, घराघरांवर ‘राहण्याची व जेवणाची सोय’ अशा पाट्या लागल्या. मला राग आला. कोणाचा? सांगायला लाज वाटते, पण त्या देवाचा. शेकडो वर्षे मातीत सुखाने होता, आणखी काही वर्षे राहिला असता तर काय बिघडले असते, असे मी घरी बोलूनही दाखवले. पुढे २०१२ साली त्या देवळावर दरोडा पडला, मूर्ती गेली, दोन रखवालदारांचे खून झाले. पुण्याला वर्तमानपत्रात ती बातमी वाचताना ‘आता गर्दी कमी होईल’ हा विचार माझ्या मनात आला. दोन माणसे मेली होती. त्यांच्या घरी रडारड चालू असेल हा विचार त्यानंतर आला, आधी नाही. मी काही दुष्ट बाई नाही. शेजारपाजारी मला परोपकारी समजतात. पण आपल्या सुट्टीच्या गावाचा विचार करताना माझ्यातली सभ्य बाई कुठेतरी बाहेर बसून राही, एवढे खरे.

मग ३ जून २०२० आला. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले आणि काही तासांत पिढ्यांनी लावलेली आगरे आडवी करून गेले. वहिनींच्या चारशे पोफळींतल्या तीस-पस्तीस उभ्या राहिल्या. गोठा पडला, घराची कौले पानांसारखी उडाली. कोरोनाची टाळेबंदी होती, आम्हांला जाता येणे शक्य नव्हते. मी थोडे पैसे पाठवले. फोनवर पुष्कळ हळहळले. माझी हळहळ खरी होती. पोफळ ही काही भाताचे रोप नव्हे, हे मात्र मी तेव्हा नीट ध्यानात घेतले नाही. आज लावली तर सहा-सात वर्षांनी फळ धरायची. आगरावर जगणाऱ्या घराला ही सहा-सात वर्षे कशी काढायची हे कोणी शिकवून ठेवलेले नसते.

२०२२ च्या मे महिन्यात मी गेले. फाटकातून आत शिरले आणि घर चुकले की काय असे वाटले. कौलारू घराच्या जागी सिमेंटचे दुमजली घर, गुळगुळीत फरश्या, खिडक्यांना वातानुकूलन यंत्रे आणि दारात गुलाबी अक्षरांची पाटी. अंगण सारवलेले नव्हते, कारण अंगणच नव्हते; तिथे मोटारी उभ्या करण्याची जागा होती. विहिरीवर सिमेंटचे झाकण आणि त्यावर पंप. वहिनी हसत पुढे आल्या. आणि मी, ‘कशा आहात’ हे विचारण्याच्या आधी म्हणाले, “वहिनी, हे काय करून टाकलंत? आता इथं येण्यात काय राम राहिला?”

त्यांचे हसू चेहऱ्यावरच थांबले. पाणी आणायला म्हणून त्या आत गेल्या. दोन दिवस आम्ही राहिलो, जेवण नेहमीसारखेच होते. निघताना त्यांनी माझ्या हातात कोकमांची पुडी दिली आणि एवढेच म्हणाल्या, “ताई, मुलगा मुंबईला कंपनीत कामाला जातो म्हणत होता. खोल्या बांधल्या म्हणून राहिला.” मी “हो का” म्हटले. माझ्या बाजूने मला मोठा अन्याय झाल्यासारखे वाटत होते. पुढच्या वर्षी मे महिना आला तेव्हा मी म्हटले, आता तिथे जायला नको. म्हणून २०२३ च्या नाताळच्या सुट्टीत मुलाने मॉरिशसचा बेत केला आणि मी तयार झाले.

मुंबईहून विमानाने सहा तास. उतरल्यावर घड्याळ दीड तास मागे करायचे. डिसेंबरात तिथे उन्हाळा, रस्त्यांवर गुलमोहर पेटलेला, लिचीचे घड टांगलेल्या गाड्या. बेट लहान, आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात अशी आठ बेटे मावतील. आमचे हॉटेल समुद्राला लागून. स्वागतकक्षावर, जेवणघरावर, बागेतल्या छत्र्यांवर सुंदर शाकारलेली गवताची छपरे. मी सुनेला म्हटले, “बघ, इथल्या लोकांनी आपलेपण कसे राखले आहे! नाहीतर आपल्याकडे, सगळीकडे मेली सिमेंटची खोकी.” सून काही बोलली नाही. तिला माझ्या वाक्यातले दिवेआगर ऐकू आले असणार. नातवाने दुकानातून डोडो पक्षी घेतला, कापडाचा. सतराव्या शतकात माणसाने संपवलेला हा पक्षी आज तिथल्या राजचिन्हावर आहे. प्रवाशाच्या दृष्टीने याहून सोयीचे काय असणार? जो नाही तो बदलत नाही.

आम्हांला बेटभर फिरवणाऱ्या टॅक्सीचालकाचे आडनाव ऐकून मी चमकले. आपल्याकडे आजोबांचे नाव असावे तसे ते होते, पुढे ‘जी’ लावलेले. गिरमिटिया म्हणून गेलेल्या पूर्वजाचे पहिले नाव दप्तरात लिहिले गेले आणि पुढच्या पिढ्यांचे तेच आडनाव झाले, असे तिथल्या कितीतरी घरांत आहे. हा गृहस्थ साठीचा. घरात क्रिओल बोलणारा, पण मराठी शाळेत शिकलेला. गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते आणि त्यांच्या गावात झाकरी नाचतात हे त्याने मला अभिमानाने सांगितले. झाकरी म्हणजे आपली कोकणातली जाखडी. मराठी आणि हिंदी एकात मिसळून तो बोले आणि शब्द अडला की हातांनी वाक्य पुरे करी. त्याचे पूर्वज रत्नागिरीकडचे. कोणते गाव ते त्याला ठाऊक नव्हते, आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची जुनी दप्तरे आहेत तिथे जाऊन एकदा शोधायचे, हे त्याचे अनेक वर्षांचे काम राहून गेले होते.

त्याने आम्हांला पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर नेले. १८३४ ते १९२० या काळात हिंदुस्थानातून सुमारे पाच लाख माणसे या बेटावर आली ती या पायऱ्यांवरून. इंग्रजांनी १८३५ साली तिथली गुलामगिरी बंद केली आणि उसाला मजूर हवे झाले म्हणून. पाच वर्षांचा करार, महिन्याला पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर आले नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. नंतर गाडी उसाच्या शेतांमधून जात असताना मला जागोजाग काळ्या दगडांच्या मोठमोठ्या राशी दिसल्या, देवळांच्या चौथऱ्यांसारख्या रचलेल्या. मी कौतुकाने विचारले, ही कसली स्मारके? तो म्हणाला, स्मारके नाहीत. शेत करायला हे दगड वेचून काढावे लागले. ते एकावर एक रचले. मग म्हणाला, “माझे आजा, त्यांचे आजा, सगळ्यांनी.” त्याने हात वर करून तळवा दाखवला आणि पुन्हा गाडीच्या चाकावर ठेवला.

थोड्या वेळाने त्याने विचारले, आपल्याकडचा समुद्र कसा आहे? मी दिवेआगरचे वर्णन केले. चांगले रंगवून केले असणार, शिक्षकाची सवय. कौलारू घर, सारवलेले अंगण, रहाटाचा आवाज, आगरातली सावली. त्याने सगळे मन लावून ऐकले आणि साधेपणाने विचारले, “इतका चांगला गाव, तर मग लोक सोडून का आले?”

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते असे नाही. इतिहास शिकवून मी निवृत्त झाले. कर्ज, दुष्काळ, वाटण्या होऊन हातरुमालाएवढी झालेली जमीन, बंदरावर फिरणारे दलाल, हे सगळे मला माहीत होते. आणि पुढे दीडशे वर्षे मुंबईच्या गिरण्यांत, घरगड्यांच्या खोल्यांत, खानावळींत कोकणातली माणसे का गेली हेही माहीत होते. पण इतकी वर्षे मी ज्या चित्रावर प्रेम केले त्यात ही माहिती कुठे बसत नव्हती. जे कौलारू घर मला शांत वाटे ते शांत होते, कारण त्यातले कर्ते पुरुष मुंबईला होते. ‘पूर्वी गाव किती निवांत होते’ असे आपण म्हणतो; तो निवांतपणा पुष्कळदा मनिऑर्डरीवर चाललेला असतो.

दुपारी त्याने आग्रहाने आपल्या घरी चहाला नेले. घर सिमेंटचे, सपाट गच्चीचे, गच्चीवरून लोखंडी सळया आकाशात गेलेल्या. पुढेमागे मुलासाठी मजला चढवायचा म्हणून ठेवलेल्या. आजूबाजूची सगळी घरे तशीच. मग मला उगीच बोलायची बुद्धी झाली. मी म्हटले, हॉटेलात गवताची छपरे किती छान दिसतात! तुम्ही लोक तशी घरे का बांधत नाही? तो हसला. १९६० च्या फेब्रुवारीत बेटावर कॅरोल नावाचे वादळ आले. त्याच्याआधी महिनाभर आणखी एक येऊन गेले होते. गवताची आणि पत्र्याची हजारो घरे नाहीशी झाली. त्याच्या वडलांचे त्यांतलेच. आई तान्ह्या बहिणीला घेऊन रात्रभर उसाच्या शेतात पडून राहिली. त्यानंतर माणसे सिमेंटची घरे बांधू लागली. “ते गवत पाहुण्यांसाठी,” तो म्हणाला. “आम्हांला स्लॅब.”

त्याची बायको चहा ओतत होती. मला दिवेआगरच्या दारातली गुलाबी पाटी दिसली. त्याच्या त्या सपाट, कुरूप गच्चीवर मी क्षणात खूश झाले होते. किती शहाणी माणसे, म्हटले. तीच गच्ची वहिनींनी घातली तेव्हा मी त्यांना विचारले होते, राम काय राहिला? दोन्ही घरांवरून वादळच गेलेले होते. फरक एवढाच होता की या घरावर माझा हक्क आहे असे मला वाटत नव्हते.

नव्या जागी आपण किती गुणी असतो! जे देतील ते खातो, जे दाखवतील ते पाहतो, नियम विचारून घेतो. जुन्या जागी आपण सासूसारखे शिरतो. आणि याला आपण प्रेम म्हणतो. नुसते ‘म्हणतो’ असे लिहिणे हाही अन्याय होईल. ते प्रेमच असते. विहिरीच्या कठड्याबद्दल मला जे वाटे ते खोटे नव्हते. पण त्या कठड्याने माझ्यासाठी जसेच्या तसे राहावे, असे म्हणताना मी खरोखर काय मागत होते? त्या घरातल्या सुनेने पंपाऐवजी रहाट चालवावा. मुलाने मुंबईला जावे, म्हणजे माझ्या मे महिन्यातल्या आठ दिवसांत गाव निवांत राहील. वर्षातले आठ दिवस मी आणि तीनशे सत्तावन्न दिवस त्या; आणि घर कसे असावे हे ठरवणार मी. बरे, दर आठ दिवसांचे पैसे मी चोख मोजले होते. देणे-घेणे तिथेच मिटले होते. मिटले नव्हते ते वहिनींच्या बाजूचे. चहाचा पेला हिशेबात नव्हता.

माझे एक जुने स्नेही आहेत, त्यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे उद्या त्यांनी वाळूवर बंगले उठवले, किनाऱ्यावर मोटारी नाचवल्या, तरी आपण गप्प बसायचं?” तसे नाही. किनारा ही काही कोणाच्या परसातली जागा नाही. १९९१ सालापासून आपल्याकडे किनाऱ्यावरच्या बांधकामाला कायद्याची मर्यादा आहे. वाळूवर फिरणाऱ्या जीपगाड्या मला आजही खुपतात आणि त्याविरुद्ध मी बोलेन, नागरिक म्हणून बोलेन. त्यासाठी मला त्या गावावर प्रेम असण्याचीही गरज नाही. पण त्या जीपगाड्या बहुतेक आमच्यासारख्यांच्याच असतात, वहिनींच्या नसतात, हेही त्याच दमात सांगावे लागेल. किनारा वेगळा आणि घर वेगळे. मी मात्र किनाऱ्याबद्दल कधी तोंड उघडले नव्हते आणि घराबद्दल उघडले होते. जिथे बोलायला हवे तिथे भिडस्त आणि जिथे गप्प बसावे तिथे फटकळ, हा आमच्या वर्गाचा जुनाच गुण आहे.

परतीच्या आदल्या दिवशी टॅक्सीवाल्या गृहस्थाने आम्हांला आग्नेय बाजूच्या किनाऱ्यावर नेले. निसर्ग वादळानंतर दोन महिनेही झाले नव्हते, २५ जुलै २०२० ला तिथे वाकाशिओ नावाचे जहाज पोवळ्यांच्या बांधावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातले सुमारे हजार टन तेल त्या हिरव्या-निळ्या पाण्यात आले. बेटभरची माणसे धावली. उसाचे पाचट पोत्यांत भरून, शिवून, त्यांचे लांबच लांब तरंगते बांध केले, तेल अडवायला. तोही गेला होता, दुसऱ्या टोकाहून. हात कितीतरी दिवस काळे होते म्हणाला. पाण्याकडे पाहत तो म्हणाला की लहानपणी बापाबरोबर तो दर रविवारी ज्या किनाऱ्यावर जाई तिथे आता एक हॉटेल आहे. किनारा कायद्याने सर्वांचाच, जायला कोणी अडवत नाही. पण पूर्वी डबे घेऊन, सतरंज्या घेऊन सुरूच्या सावलीत दिवसभर बसत, तसे आता जावेसे वाटत नाही. मग त्याला आठवले की मी हॉटेलातलीच पाहुणी आहे, आणि घाईने म्हणाला, तसे हॉटेलवाल्यांचे चांगले आहे, मुलीला तिथेच नोकरी आहे.

मी नातवाच्या रकान्यात ज्याला ‘नवे’ म्हणत होते ते ह्या माणसाचे ‘जुने’ होते. त्याच्या मनातही दोन रकाने होते. तोही तुलना करीत होता. आणि त्याच्या तुलनेत दुसऱ्या बाजूला मी होते, माझ्या गवताच्या छत्रीखाली. त्याने ते बोलून दाखवले नाही. तो माझ्यापेक्षा चांगला यजमान होता, की चांगला माणूस, हे मला सांगता येणार नाही.

पुण्याला आल्यावर फोन करायचा हे मी तिथेच ठरवले होते. पण ठरवणे आणि करणे यांमध्ये माझे दीड वर्ष गेले. क्षमा मागायची तर कशी? ‘तुमच्या घराला नावे ठेवली, चुकले’ असे म्हणावे, तर त्यांनी विसरलेले पुन्हा उकरून काढल्यासारखे. काही न म्हणावे, तर पूर्वीसारखेच आपले यजमानपण गाजवायला निघाल्यासारखे. पत्र लिहून फाडले. नातू अकरा वर्षांचा झाला, बारा वर्षांचा झाला. गुणपत्रिका त्या वहीबरोबर रद्दीत गेली असावी. शेवटी यंदा नारळी पौर्णिमेला सकाळी, नारळीभात गॅसवर ठेवून, मी फोन लावला.

वहिनींनीच उचलला. “अगं बाई, ताई!” म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा थकला आहे. गुडघे दुखतात, मुलगा आता गावातच असतो. मग एकदम मी म्हणाले, “वहिनी, मी त्या वेळी तुमच्या घराबद्दल जे बोलले ते मला लागून राहिलं आहे.”

पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही. मग त्या म्हणाल्या, “मलाही लागलं होतं हो.” आणि पुढे, जणू तो विषय तेवढाच होता, “दिवाळीच्या सुट्टीत येताय ना? आत्ताच सांगून ठेवा. शेवटच्या घटकेला खोली मिळायची नाही.”

मी येतो म्हटले. मुलगा, सून, नातू, सगळे.

“मग वरची देऊ का खालची? वरच्या खोलीतून समुद्र दिसतो.”

इतक्या वर्षांत त्या घरातून समुद्र कधी दिसला नव्हता. मधे पोफळी असत. मला लगेच काही बोलता येईना. माझ्या गप्प बसण्याचा त्यांनी काय अर्थ घेतला कोण जाणे.

“वरचीच घ्या,” त्या म्हणाल्या. “वादळानंतर लावलेल्या पोफळी आता चांगल्या वर आल्यात. यंदा काहींनी फळ धरलंय. आणखी दोन-तीन वर्षांत दिसायचा नाही तो. बघायचा तर आत्ताच बघून घ्या.”